दहा प्रतींचे गमरेकाका

गमरेकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते डोंबिवलीतल्या एका भांड्यांच्या दुकानात. पुऱ्या दाबायच्या यंत्राचा दांडा ते पुन्हापुन्हा दाबून बघत होते. "काका, तासाभरात दोनशे पुऱ्या निघतील," दुकानदार म्हणाला. काकांनी विचारलं, "दाब सगळीकडे सारखा पडतो का? कडेला कमी पडतो असं वाटतं." असा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारला नसावा. "पुरी गोल येते, एवढं सांगू शकतो," तो म्हणाला.

पंधरवड्याने आम्ही नव्या घरात राहायला गेलो, तर समोरच्या दारात तेच गृहस्थ. नखांत काळी शाई, आणि आत स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते यंत्र. त्यावर ते चित्रं छापत.

काका चित्रकला शिकले होते, पण नोकरी सगळी ठाण्यातल्या एका छापखान्यात, औषधांच्या बाटल्यांची लेबलं छापण्यात गेली. काकू लवकर वारल्या. निवृत्तीनंतर त्यांनी कोरायची हत्यारं पुन्हा बाहेर काढली. लिनोलियमच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पत्र्याच्या, तुकड्यावर चित्र कोरायचं, रोलरने शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि पुरीयंत्राचा दांडा दाबायचा. यंत्रच लहान, त्यामुळे चित्र आगपेटीएवढं, फार तर तळहाताएवढं. खोपटच्या एसटी डेपोत बाकावर डुलकी काढणारा कंडक्टर, आमच्या जिन्यात भाजीची पिशवी टेकवून दम खाणारी बाई, अशी सगळी आसपासची माणसं.

"काका, जरा मोठं करा ना काही," मी एकदा म्हटलं.

"मोठं चित्र लोक लांबून बघतात," ते म्हणाले. "लहान चित्र बघायला जवळ यावंच लागतं. येऊ देत की."

एखादं चित्र कधी पुरं होणार म्हणून विचारलं, तर उत्तर ठरलेलं असे: "हाताला विचारून सांगतो."

त्यांचा एक नियम मात्र कडक होता. एका ठशाच्या दहाच प्रती काढायच्या. दहावी निघाली की ठशावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पटाशीने फुली मारायची, म्हणजे अकरावी कधी निघणार नाही. मला ते बघवत नसे. "महिनाभर कोरलेलं असं मारून टाकायचं?" मी विचारलं. काका म्हणाले, "मेघा, घेणाऱ्याला मी खाली पेन्सिलीने लिहून देतो, दहापैकी तिसरी, दहापैकी सातवी. तो शब्द झाला. ठसा तसाच ठेवला तर उद्या मलाच मोह होईल."

ठाण्याच्या एका वाचनालयाने त्यांच्या छोट्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं, तेव्हा काका सत्तरीच्या पुढे होते. उजवा हात थोडा थरथरायला लागला होता. चौकटी करून आणणं, चित्रांखालच्या चिठ्ठ्या लिहिणं ही कामं मी अंगावर घेतली. त्याच गडबडीत एका संध्याकाळी तळमजल्यावरच्या सुलभावहिनी वर आल्या. हातात एक लहानशी चौकट होती.

त्यांचे यजमान, सावंत, एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत होते. बारा वर्षांपूर्वी कामावरून घरी आले, पाणी मागितलं आणि गेले. त्याच्या एक वर्ष आधी काकांनी त्यांचं चित्र कोरलं होतं. चष्मा कपाळावर ढकलून पेपर वाचणारे सावंत. पहिली प्रत काकांनी त्यांनाच दिली होती.

"भावजी, भिंतीला ओल आली," वहिनी म्हणाल्या. "कागद काचेला चिकटला. सोडवायला गेले आणि ह्यांचा चेहराच निघून आला. दुसरं एक मिळेल का?"

काकांनी कपाटातून ठसा काढून त्यांच्यासमोर धरला. सावंतांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फुली. उरलेल्या नऊ प्रती कुठे कुठे गेल्या, याचा काकांनाही पत्ता नव्हता.

"रेघा उठल्या तरी चालेल मला," वहिनी हळूच म्हणाल्या.

"मला नाही चालणार," काका म्हणाले. "त्यांच्या तोंडावर काट मारलेली, आणि ती मी तुमच्या घरात लावायला देऊ?"

वहिनी चौकट घेऊन खाली गेल्या. त्या रात्री काका जेवले नाहीत, हे मला आमच्याकडून रोज जाणारा डबा सकाळी तसाच परत आला त्यावरून कळलं. दुपारी बघते तर ते नव्या लिनोलियमवर सावंत कोरायला बसलेले. डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं.

"नियमाचं काय?" मी विचारलं.

"दिलेला शब्द मोडणारच आहे," मान वर न करता ते म्हणाले. "फक्त एक प्रत. तिच्याखाली आकडा लिहिणार नाही."

बारा दिवस लागले. प्रत निघाली तेव्हा काकांनी ती उजेडात धरली. हाताच्या कंपामुळे डोळ्यांखालच्या रेघा दुहेरी झाल्या होत्या, गाल उतरले होते, केसांत नको तिथे पांढरं आलं होतं. "हा सावंत नाही," ते म्हणाले. "मी बिघडवला त्याला." चित्र पिशवीत टाकून त्यांनी विषय बंद केला. मी मात्र ते गुपचूप चौकटीत बसवून घेतलं.

प्रदर्शनाच्या दिवशी वाचनालयाच्या हॉलमध्ये लोक खरोखरच भिंतीला नाक लावून बघत होते. संध्याकाळी वहिनी आल्या. काकांच्या मनात नसतानाही मी चौकट त्यांच्या हातात दिली.

"वहिनी, जमलं नाही," काका घाईने म्हणाले. "हात साथ देत नाही आता. म्हातारा दिसतोय तो."

वहिनींनी चौकट खिडकीपाशी नेली. मग वळून म्हणाल्या, "भावजी, जुन्या चित्रात हे बेचाळीसचे होते. मी पंचावन्नची झाले. अलीकडे बघायला अवघडल्यासारखं व्हायचं, हे माझ्या धाकट्या भावासारखे दिसायला लागले होते." त्यांनी पदराने काच पुसली. "आता बरोबरीचे दिसतायत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, आणि परत घालायचा विसरले. "बसा वहिनी," ते म्हणाले.

ते काकांचं शेवटचं काम. पुढच्याच वर्षी ते गेले. प्रदर्शन म्हटलं की मला मात्र ती संध्याकाळ आठवते: भिंतीवर चाळीस चित्रं, आणि त्यांच्याकडे पाठ करून बाकावर बसलेली ती दोघं. सावंत चहात बिस्किट किती वेळ बुडवायचे, यावर त्यांचा वाद चालला होता. शिपाई पंखे बंद करायला आला तरी मिटला नव्हता.