तिसऱ्या दारातली रांग

आमच्या कासार आंबोलीत बियाण्याचं भात तीन घरांच्या कणग्यांत वाटून ठेवत. एका घरात उंदीर लागले तरी पेरणी बुडत नसे. वाहणारा प्रत्येक टोपलीतलं भात तिन्ही घरी थोडं थोडं ओतूनच परत येई. त्या कार्तिकात आभाळ भरून आलं आणि भात अजून अंगणातच होतं. मी वाहायला माणसं वाढवली, तर काम आणखीच रेंगाळलं.

टोपल्या विकायला आलेला एक बुरूड ओट्यावर तंबाखू मळत बघत होता. तो उठला, एका वाहणाऱ्यामागं तिन्ही घरं फिरून आला.

"वैनी, दोन घरं झटपट घेत्यात. तिसऱ्या दारात रांग लागलीया. म्हातारी दर टोपलीला हळदकुंकू लावून ओवाळतीया."

"चुलतसासू हाय माझी. तिला कोण सांगणार?"

"मी सांगतो. मला काय, मी उद्या हितं न्हाई."

तो तिच्यापुढं उकिडवा बसला. "आजी, लक्ष्मी एकदाच येती. मागनं येतंय ते तिचं सामान हाय."

म्हातारी हसली, एक टोपली ओवाळून बाजूला झाली.

काम अडलं की मी आता आधी शेवटच्या दारात जाते.

पाऊस आला तेव्हा अंगणात कोंबड्या तेवढ्या भिजत होत्या. बुरूड डोक्यावर टोपली पालथी घालून पौडच्या रस्त्याला लागला होता.