जिन्याच्या पट्टीतले तीन रंग

निवृत्तीनंतर साऱ्या डायऱ्या मी माळ्यावर टाकल्या, तरी लातूरची ती सकाळ डोक्यातून जात नाही. मुलींच्या एका खासगी वसतिगृहाचा बाहेरचा लोखंडी जिना कोसळला होता. साडेसहाच्या क्लासला पळणाऱ्या मुली त्या वेळी जिन्यावर होत्या. चौघी जखमी झाल्या आणि कंधारहून बारावीसाठी आलेली एक मुलगी जागीच गेली. तिच्या हातातल्या फिजिक्सच्या वहीची नोंद पंचनाम्यात मीच केली.

भूकंपानंतर आमच्याकडे लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला आणि तो सगळा लोखंडावर जाऊन बसला. भिंत पडते, लोखंड पडत नाही, असं जो तो म्हणायचा. पुढे क्लासेस वाढले, तसे गल्लोगल्ली घरांवर मजले चढले आणि बाहेरून लोखंडी जिने लागले.

दुपारी मुलीचे वडील ठाण्यात आले. ते रडले नाहीत. म्हणाले, "सायेब, कोनामुळं गेली, येवढंच सांगा. दुसरं काय मागत न्हाई." मी म्हणालो, "उद्यापर्यंत सांगतो." तो शब्द देण्याचं काही कारण नव्हतं.

जिना औशाच्या एका वेल्डरने केला होता. वसतिगृहाच्या मालकाने ते नाव लगेच दिलं, आणि संध्याकाळी वेल्डर माझ्यासमोर होता. पन्नाशीचा, मितभाषी मुसलमान कारागीर. भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडचे सांगाडे त्यानेच जोडले होते, हे मला नंतर कळलं. मी सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं आणि तीन दिवसांची पोलीस कोठडी घेतली.

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "साब, जिना हालत होता. मालकाला म्हनलं, खालून एक खांब घ्या. गाड्या लावायला अडचन व्हईल म्हनले." प्रत्येक आरोपी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, हा माझा वीस वर्षांचा अनुभव. मी ते लिहूनही घेतलं नाही.

मी त्याला हात लावला नाही. आमच्या खात्यात मी त्याबद्दल नावाजलेला होतो आणि मला त्याचा अभिमानही होता. फक्त सकाळी, दुपारी, संध्याकाळी समोर बसवून एकच वाक्य म्हणायचो : "तुझंच काम कच्चं होतं, त्यानंच पोरगी गेली." चहा पाजायचो आणि पुन्हा तेच म्हणायचो. तिसऱ्या दिवशी त्याने मान खाली घातली आणि म्हणाला, "असंल साब. माझंच काम कच्चं होतं." पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिला. मुलीच्या वडिलांना बोलावून नावही सांगितलं.

चौथ्या दिवशी एक रंगारी ठाण्याच्या फाटकाशी घुटमळताना दिसला. मी त्याला आत बोलावलं. "सायेब, त्यो मानूस वंगाळ न्हाई. तुमी मोडलेल्या पट्टीतला रंग बघा. मी सांगितलं म्हनून सांगू नका," एवढं बोलून तो निघू लागला. मी त्याला बसवून घेतलं आणि मुद्देमालातली पट्टी पंचांसमोर उघडली. जिना भिंतीला धरून ठेवणारी ती हातभर लोखंडी पट्टी होती. तुटलेल्या तोंडावर हिरवा, पिवळा आणि निळा असे तीन रंग आत झिरपलेले होते.

तुटायच्या आधीच भेग नसती, तर रंग आत गेलाच नसता.

रंगारी मग मोकळा झाला. "दर मे म्हैन्यात अ‍ॅडमिशनच्या आधी मी जिना रंगवतो. तीन वर्सांमागं बारीक चीर दिसली. मालकाला दावली. ते म्हनले, लांबी भर अन् रंग मार, पोरींचे बाप यायलेत." लांबी म्हणजे भेगा बुजवायचा रंगाऱ्याचा लगदा. पुढची दोन वर्षंही त्याने लांबीच भरली.

ते ऐकताना मी मागे वळून पाहिलं नाही. माझ्या खुर्चीमागच्या भिंतीला भूकंपाची भेग होती, आणि दर वर्षी तपासणीआधी मी तिच्यावर चुना मारून घेत होतो.

पट्टी घेऊन मी नांदेडला गेलो. विष्णुपुरीला अभियांत्रिकी कॉलेजात शिकवणारे एक प्राध्यापक होते. त्यांनी भिंग धरलं. "जोड शाबूत आहे. तुटलंय ते शेजारचं लोखंड. खांब नाही म्हणून जिना हलायचा, आणि प्रत्येक पावलाला चीर केसभर पुढे सरकायची. शेवटी दोन बोटं लोखंडावर सगळा भार होता." मग त्यांनी मुद्देमालाच्या लेबलाची तार उचलली आणि खाली-वर, खाली-वर वाकवत राहिले. तार तुटली. "जोर लावला का मी? लोखंड थकतं, साहेब. एका घावात न मोडणारं लोखंड रोजच्या थोड्या थोड्यानं मोडतं."

परतीच्या बसमध्ये मला पहिल्यांदा त्या कोठडीतले तीन दिवस आठवले.

वेल्डरचं नाव दोषारोपपत्रातून वगळलं. मालकावर खटला चालला. तोवर रंगाऱ्याला त्याच मालकाच्या दुसऱ्या इमारतीचं काम मिळालं होतं आणि तो साक्षीत फितूर झाला. मालक संशयाचा फायदा मिळून सुटला. वसतिगृहाला नवा जिना लागला, तोही खांबाशिवाय. कंधारला जाऊन मुलीच्या वडिलांना मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "आता किती येळा नाव बदलनार, सायेब?"

निवृत्तीनंतर औशाला गेलो. माफी मागायची होती. वेल्डिंगचं दुकान बंद होतं. तो भावाच्या सायकलच्या दुकानात बाकड्यावर बसला होता. सुटला त्या दिवसापासून त्याने वेल्डिंगचं हत्यार हातात धरलं नव्हतं, असं भाऊ म्हणाला. मी त्याला पट्टीतले रंग सांगितले, प्राध्यापकांचा अहवाल सांगितला, त्याचा जोड आजही शाबूत आहे हेही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग उठून उभा राहिला आणि हात जोडले.

"असंल साब," तो म्हणाला. "माझंच काम कच्चं होतं."

नोकरीत मी बऱ्याच जणांकडून खरं वदवून घेतलं. एका माणसाकडून खोटं वदवलं, आणि तेवढंच पक्कं टिकलं.