कोऱ्या पाटीची अंगणवाडी

वलगावच्या अंगणवाडीत चतुराबाईंनी वीस वर्षं पोरांकडून पाट्या भरून घेतल्या. मग अमरावतीला प्रशिक्षण घेऊन आल्या आणि पाट्या कपाटात गेल्या. आता सकाळी देवाला हात जोडले, की गोष्टीचं पुस्तक. ओळीखाली बोट फिरवत त्या वाचायच्या. मग खेळ: दगड, दार, दही. पहिला आवाज ज्याला ओळखू आला, त्यानं भिंतीवरचं ते अक्षर शिवायचं. पोरं खूश. घरच्यांना मात्र भरलेली पाटी बघायची सवय.

जुलैत तीन पोरं कॉन्व्हेंटच्या व्हॅनमध्ये बसली. चौथं नाव कमी करायला खुशालराव आले. त्यांची नात अपेक्षा, पाच वर्षांची.

"सुनेचं म्हननं हाये," ते म्हणाले. "पोरगी घरी येते अन् दही-दगड करत बसते. लिवनं कायचंच नाही. तुमी इथं करून काय राहिल्या, बाई?"

अपेक्षा गेली, तर तिच्या गल्लीतली सगळीच जाणार. वाद घालण्यात अर्थ नव्हता. माणूस जरा टेकला तर बरं, एवढंच चतुराबाईंना वाटलं. खुशालराव मोझरीच्या आश्रमात नेमानं जाणारे, प्रार्थनेची पुस्तिका कायम खिशात.

"काढते नाव, भाऊ. पन आलेच हा, त पोराइले प्रार्थना वाचून दाखवा. तुमच्यासारखा गळा नाही मले."

खुशालराव खुलले. मांडी घालून पुस्तिका उघडली. पन्नास वर्षांचं पाठ, खिशातून चष्मा कोण काढतो? डोळे मिटून सुरू झाले. अपेक्षा मांडीला रेलली आणि तिनं पानावर बोट ठेवलं.

"आबाजी, थांबा. हे थे पान नाही."

"कावून?"

"तुमी म म्हनला. इथं द हाये, दहीचा."

खुशालरावांनी चष्मा लावला. दोन पानं पुढचं उघडलं होतं. पोरं खिदळली.

"पन्नास वर्सात मले कोनी टोकलं नाही," ते म्हणाले आणि पान मागं केलं. "आता?"

पोरीनं पहिल्या अक्षराखाली बोट नेलं. "आता बराबर. म्हना."

प्रार्थना झाली. चतुराबाई हजेरीचं रजिस्टर उघडून पेन घेऊन थांबल्या.

"ठेवा थो पेन. नाव राहू द्या," खुशालराव उठत म्हणाले. "पन सुनेले तुमीच समजावा. मी नाही बोलत तिच्यापुढं."

"मंग पुस्तिका द्या इकडं."

मदतनीस मैनाबाईंवर पोरं सोपवून, एका हातात पुस्तिका आणि दुसऱ्यात अपेक्षाचं बोट धरून, चतुराबाई तशाच खुशालरावांच्या घराकडं निघाल्या.