हिराआत्याची बिनगियरची गाडी

हिराआत्या गाडीत बसताना चपला काढायची. देवळात जाताना काढतात तशा, दाराबाहेर, शेजारी शेजारी लावून. मग दार ओढायची आणि निघून जायची. चपला तिथेच राहायच्या. पेणच्या एसटी स्टँडसमोर आम्हा ड्रायव्हर लोकांच्या गाड्या लागतात. तिथल्या चहाच्या टपरीखाली तिच्या चपलांचा एखादा जोड नेहमी पडलेला असे आणि ती रोह्यात कोणाच्या तरी अंगणात अनवाणी फिरत असे. मी एकदा चिडून बोललो, तर मलाच म्हणाली, "बाप्पा बसतो त्या गारीत मी वहाना घालून बसू? तू बस तुज्या सायबाच्या गारीत बूट घालून."

गाडीला ती गारीच म्हणायची. ती माझ्या बापाची सख्खी बहीण. आमचं घर पेणच्या खाडीकडलं, आगऱ्यांचं. लहानपण मिठागरावर गेलेलं, त्यामुळे तिच्या टाचांना भेगा आणि जिभेला मीठ, दोन्ही कायमचं. नवऱ्याचा टेंपो होता. जोह्याच्या आणि हमरापूरच्या कारखान्यांतून गणपतीच्या मूर्ती भरून तो गावोगाव जायचा. आत्याला त्याने टेंपो धुवायला दिला, चालवायला कधी नाही. बांधावर लावलेला टेंपो ती धुवायची आणि धुऊन झाल्यावर खाडीपर्यंत एक फेरी मारून आणायची. नवऱ्याला कळलं तोवर ती तयार झाली होती. तो वारल्यावर तिने टेंपो विकून टाकला, एक छोटी गाडी घेतली आणि फक्त घरगुती मूर्ती पोचवायचं काम धरलं. शाडूच्या मूर्ती, एका फेरीला एक. ज्यांना पेणला येणं होत नाही अशी रोह्याची म्हातारी माणसं, कंपन्यांच्या कॉलनीतली बिऱ्हाडं तिची वाट बघत बसायची.

हे काम वाटतं तितकं सोपं नाही, बरं का. शाडूची मूर्ती म्हणजे वाळलेली माती. गाडीला एक हिसका बसला, सोंडेला नुसता धक्का लागला, एक बोट उडालं, की मूर्ती खंडित. खंडित मूर्ती कोणी पुजत नाही. मागच्या सीटवर पेंढ्याची जाड चुंबळ, त्यावर पाट, पाटावर बाप्पा, तोंडावर रुमाल, असा प्रवास. आत्याच्या हातून एवढ्या वर्षांत एकाही बाप्पाचं नख मोडलं नव्हतं. वडखळच्या त्या खड्ड्यांतून! मी पोटासाठी गाडी चालवतो, मला विचारा याची किंमत.

मग घराच्या मागच्या शेवाळलेल्या पायरीवरून ती घसरली आणि डावा गुडघा कामातून गेला. डॉक्टर म्हणाले, क्लच दाबायचा नाही, विषय संपला. तिचा मुलगा प्रदीप रोह्याजवळ धाटावला कंपनीत शिफ्टवर असतो. माणूस चांगला, पण आईच्या बाबतीत भित्रा. त्याने लगेच गिऱ्हाईक बघून गाडी विकली आणि म्हणाला, "आता घरी बस. लोक काय म्हणतील, पाय मोडलेल्या आईला राबवतो?"

आत्या म्हणाली, "पाय दुखतो तो माझा. लोकांचं तोंड कं दुखतं?"

आणि दुसऱ्या दिवशी काठी टेकत ती स्टँडवर माझ्यापुढे हजर. "दिन्या, बिनक्लचची गारी असते ना रे? मना ती पायजे."

झालं! स्टँडवर जणू ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. बिनक्लचच्या गाड्यांतही जाती आहेत. एक आमची नेहमीची ऑटोमॅटिक. तिच्यात गियर असतात, फक्त ते आपले आपण पडतात. मी साहेबांची चालवतो ती तीच, आणि सलीमभाई, म्हणजे स्टँडवरचा आमचा सगळ्यात जुना टुरिस्टवाला, त्याचीही तीच. दुसरी सीव्हीटी. तिच्यात गियरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यावर एक पट्टा. पट्टा सरकत राहतो आणि गाडी एका सुतात पळते. पळते म्हणजे काय, पाय दाबला की आधी इंजिन बोंब मारतं आणि गाडी त्यानंतर सावकाश विचार करून निघते.

सलीमभाई म्हणाला, "आपा, सीव्हीटी म्हणजे स्कूटर. तिला चार दरवाजे लावले म्हणून कार होत नाय."

"स्कूटरवर बसून पोरी धाटावला शिफ्टला जातात," आत्या म्हणाली. "त्या काय पोचत नाय?"

मी तिला शांतपणे समजावलं. खरं म्हणजे ओरडूनच समजावलं. घाटात दम लागतो तेव्हा गियर हवा. उतारावर गाडी धरून ठेवायला गियर हवा. पट्टा तापला, गेला, तर सगळा डबाच बदलायचा, आणि पेणमध्ये त्याला हात लावणारा मेकॅनिक कोण आहे? हे मत मी तेव्हा मांडलं आणि आजही माझं मत तेच आहे. कोणाला वाद घालायचा असेल त्याने स्टँडवर यावं, चहा माझ्याकडून.

आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरा. मंग पारख करूया."

पेणमध्येच जुन्या गाड्यांचा एक धंदेवाला आहे. त्याच्याकडे दोन्ही प्रकारच्या गाड्या उभ्या होत्या. आत्या जोह्याच्या कारखान्यातून शाडूचा एक उंदीर घेऊन आली. ताजा, ओला, शेपटी दोऱ्याएवढी. तो तिने डॅशबोर्डवर ठेवला, पुढे डाव्या हाताच्या सीटवर स्वतः बसली आणि मला म्हणाली, "हाक." गियरवाल्या गाडीत मी निघालो. दुसरा गियर पडला तसा उंदीर घसरला आणि तिच्या मांडीत येऊन पडला, शेपटी तुटून. सीव्हीटीत तोच उंदीर बिनशेपटीचा ठेवला, तर बेटा पेणजवळच्या वाशी नाक्यापर्यंत हलला नाही. परत येऊन धंदेवाल्यासमोरच मी म्हटलं, "अगो, तो ओला होता, आता डॅशबोर्डला चिकटला! आणि घाटाचं काय? उंदराला काय कळतं गाडीतलं?"

"बाप्पाचा वाहन हाय तो," आत्या म्हणाली. "त्याला नाय कळणार तर तुला कळंल?"

धंदेवाला इतका हसला की गाडीची किंमत त्याने स्वतःहून कमी केली. आत्याने सीव्हीटी घेतली. प्रदीप त्या दिवशी स्टँडवर येऊन भांडला. शेवटी सगळ्यांसमोर त्याने अट घातली, "आई, ही गाडी एकदा जरी रस्त्यात बंद पडली ना, तर चावी माझ्याकडे. मग परत मागायची नाय." आत्याने सलीमभाईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हय. साक्षीला हे दोन गियरवाले हायत."

तेव्हापासून ती निघाली की परत येईपर्यंत आम्ही रस्त्याकडे बघत बसायचो. तिच्या हातातली ती चावी गेली असती तर ती जगली असती, पण घराच्या ओट्यावर बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजत जगली असती. हे प्रदीपलाही कळत होतं, म्हणून तो जास्त चिडायचा. आत्या मात्र डाव्या पायाखाली गोधडीची घडी घालून, उजव्या पायाने गाडी हाकत, खुशाल हिंडायची. स्टँडसमोरून जाताना मुद्दाम पाय दाबायची. इंजिन बोंबलायचं, गाडी मागून निघायची आणि ती खिडकीतून ओरडायची, "आली रे तुमची स्कूटर!"

एका वर्षी चतुर्थीच्या आधी रोह्याच्या प्रधान बाईंची मूर्ती न्यायची होती. प्रधान बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, आत्याच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक. मूर्ती चांगली दीड हाताची. माझी सुट्टी होती म्हणून मी मागे पाट धरून बसलो. नागोठण्यापर्यंत छान आलो. भिसे खिंडीचा चढ लागला आणि पुढे एक लादलेला ट्रक. तो दोन हात सरकायचा आणि थांबायचा. आमचीही तीच गत. पाऊस कोसळत होता, मागे रांग, पुढे ट्रकचा धूर. अशा रेंगाळत्या चढावर सीव्हीटी तापते. मी सांगितलंच होतं! डॅशबोर्डवर तापल्याचा लाल दिवा लागला.

"आत्या, लाईट!"

"दिसला. आंधली नाय मी." तिने गाडी हळूच डोंगराच्या बाजूला घेतली, हँडब्रेक ओढला आणि स्वस्थ बसली. पंधरा गाड्यांनी हॉर्न वाजवले असतील, ही रुमालाने काच पुसत होती.

योगायोग बघा. मागच्या रांगेत सलीमभाई होता, रोह्याला भाडं आणायला रिकामा निघालेला. तो भिजत आला. "आपा, मूर्ती माझ्या गाडीत ठेवू. दहा मिनिटात पोचवतो." मलाही ते पटलं, मी खाली उतरलो. मी म्हटलं, हट्ट करू नकोस, मूर्तीचं काही झालं तर?

"बाप्पा एकदा बसला का घरच्या उंबऱ्यावर उतरतो," ती म्हणाली. "मधी नाय. खिंडीत उतरवायला त्यो काय एसटीचा पॅसेंजर हाय?"

तेवढ्यात समोरून, धाटावची शिफ्ट संपवून घरी निघालेला प्रदीप मोटरसायकलवर आला. आईची गाडी बाजूला उभी, आम्ही दोघे पावसात उभे, एवढं त्याला पुरलं. हेल्मेटसुद्धा न काढता त्याने खिडकीतून हात आत घातला. "आई, चावी."

मी आत्याच्या तोंडाकडे बघू शकलो नाही. सलीमभाईनेही मान वळवली. आम्ही दोघं साक्षीदार ना!

आत्या म्हणाली, "कसली चावी? गारी बंद परली कं?"

"मग हे काय आहे?"

"हात लाव बॉनेटला. मशीन चालू हाय. गारी अरून बंद परली नाय, मी थांबलेय. अरणं येगला, थांबणं येगला. तुजा बापूस बी टेंपो तापला का थांबायचा, तवा त्याची चावी कुनी मागितली?"

प्रदीपने खरंच बॉनेटला हात लावला. इंजिन सुरू होतं. हात खिशात घालून तो म्हणाला, "तू माणूस आहेस का कोण आहेस?" सलीमभाई खो खो हसायला लागला. थोड्या वेळाने दिवा विझला, ट्रक पुढे गेला आणि आत्याने गाडी रस्त्यावर घेतली. प्रदीपने मोटरसायकल उलटी वळवली आणि रोह्यापर्यंत आमच्या पुढे पुढे रस्ता मोकळा करत आला. प्रधान बाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, रुमाल काढला. सगळी बोटं जागेवर. "प्रवास कसा झाला हिराबाई?" त्यांनी विचारलं. "मधी थोरं भांडलो. बाकी झ्याक," आत्या म्हणाली.

त्यानंतरही ती तीन-चार गणपती तशीच हिंडली. चावी तिच्याकडून परत कोणी मागितली नाही. गेल्या माघात ती गेली. आदल्या भाद्रपदात तिची शेवटची फेरी झाली होती, तीही प्रधान बाईंकडेच. तेव्हा तिला चार पावलं चालली तरी धाप लागत होती, पण जाताना चाक तिने कोणाला दिलं नाही. मूर्ती उतरवून आम्ही निघालो, तर ती गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेली आणि चावी माझ्या हातात ठेवली. "तू हाक आता. मी बसते." कोणी सांगितलं नव्हतं, मागितलं नव्हतं. काही बोललो असतो तर तिने शिव्या घातल्या असत्या, म्हणून चाकामागे जाऊन बसलो.

रोह्याच्या बाजूने खिंड चढताना पाय दाबला. आधी बोंब, मग गाडी. मी स्वतःशीच पुटपुटलो.

आत्या म्हणाली, "बोल ना मोठ्यानं. तुजा गियरवाला डबा घाटात चांगला. मना पयल्यापासून ठाव हाय."

मी ब्रेकच दाबला. "काय? मग इतकी वर्षं आम्हा सगळ्यांचं डोकं का खाल्लंस गो?"

"त्यो तुमी सगल्यांनी सांगितला व्हता," ती म्हणाली. "जनमभर दुसऱ्यानी सांगितलेलंच केला. मिठागरावर बापाचा, टेंपोत नवऱ्याचा. वाईट व्हता असा नाय. पन यकदा मना माजी चूक करायची व्हती. केली. गनपती पोचले का नाय सगले?"

"पोचले," मी म्हटलं.

"मंग हाक. मागचे बोंबलतायत."