कोपऱ्यातलं मशीन

"हात काढ आधी! त्या मशीनला बोट लावलंस तर बघ."

"अगं मावशी, रडतंय ते. जुनं सगळं पुसतो, म्हणजे पळायला लागेल."

"मला नाही त्याच्यावर शर्यत लावायची."

झेरॉक्सच्या दुकानात मावशीची अन् भाच्याची जुंपली होती. भाचा कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मावशी एकटी दुकान चालवते.

मावशीचे यजमान, काका, होते तेव्हा इथं इंटरनेटही चालायचं अन् बाकावर जागा मिळायची नाही. निकालाच्या दिवशी तर दारात चपलांचा ढीग. गिऱ्हाईक कॉम्प्युटरवर बसलं की काका आधी ती काळी, खासगी खिडकी उघडून द्यायचे, शोधलेलं काही मागं न ठेवणारी. "उठताना बंद कर रे, म्हणजे मागून बसणारा तुझं वाचणार नाही." कुणी लाडात विचारलं, "म्हणजे कुणालाच कळणार नाही ना काका?" की खेकसायचे, "ह्या मशीनच्या ध्यानात राहणार नाही, एवढंच. तारेतून गेलं ते गेलं. माजू नकोस!"

स्वतः मात्र कोपऱ्यातल्या ह्याच मशीनवर साध्याच खिडकीत बसायचे. चष्मा कपाळावर, एका बोटानं टकटक, कोंबडी दाणे टिपते तशी.

बोलायला माणूस महाकंजूष. मावशीचा गुडघा वर्षानुवर्षं कुरकुरला, पण "दुखतंय का" म्हणून तोंड उघडलं नाही. ते गेले. मग एकदा गुलाबी कागद कुठं मिळतो ते बघायला मावशीनं त्या मशीनवर 'गु' टाइप केलं, तर खाली काकांचंच जुनं शोधलेलं उघडलं. 'गुडघा दुखतो उपाय'. 'गुडघा जिना चढताना'. 'गुडघा बायको ऐकत नाही'.

मावशी स्टुलावर बसली ती उठेचना. तेव्हापासून त्या मशीनवर तीसुद्धा काळ्याच खिडकीत बसते. तिचा कागद-शाईचा पसारा त्यांच्या ओळींत मिसळायला नको.

"टाक 'गु'," ती भाच्याला म्हणाली.

त्यानं टाकलं. वाचलं. तिसरी ओळ दोनदा वाचली, अन् माउसवरचा हात काढला.

"मेमरी वाढवून देतो. पुसत नाही काही."

"जुन्याला धक्का न लावता?"

"न लावता."

"मग कर. अन् हसतोस काय मेल्या? खरंच ऐकायचे नाही मी त्यांचं."

"मावशी, दोन्ही बाजूंनी छापून पाहिजे," दारातून गिऱ्हाईक ओरडलं.

"आले, आले. घोड्यावर बसून आलायस का?" गुडघ्यावर हात रेटून मावशी उठली, झाकण उचललं आणि कागद काचेवर पालथा घातला.