चावी कोनाकडं ठेवायची

त्या दिशी ओटीवर मी व्हते, माजी सासू व्हती, जाऊ अनुसया व्हती आनि तो सवाल इचारनारा मानूस. नाव त्यानं कवा सांगितला नाय. लोकांची मतं लिवून घ्यायला अधूनमधून आमच्या सारसोळे गावात यायचा. दर सवालाआधी चष्मा पुसायचा आनि बोलायचा, "चूक-बरोबर काही नसतं, मावशी. मनातलं सांगा."

"सरकारवर विश्वास आहे?"

सासू बोलली, "नव्या शहरासाठी जमीन त नेली, आता इश्वास पन नेनार काय?"

आमी हासलो. त्यानं कागदावर फुली मारली.

"बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांकडे चावी ठेवाल?"

"आमच्या घराला कुलूपच नाय," मी बोलले. "तुमी कोनाकडं ठेवता?"

तो नेरूळच्या नव्या बिल्डिंगीत एकटाच राहायचा. त्यानं परत चष्मा पुसला आनि बोलला, "कोणाकडेच नाही."

दिवाळीच्या आदी तो आला, तवा हातात कागद नव्हता. पानी प्यायला. "आई आजारी आहे, गावी चाललोय," बोलला आनि घराची चावी माज्या हातावर ठेवली. "आल्यावर घेतो, मावशी."

तो आलाच नाय. मी बिल्डिंगीत जाऊन इचारला. बाजूची बाई बोलली, "कोण राहायचं, आम्हाला माहीत नाही."

मंग माजा घरवाला गेला, सासू गेली, अनुसया पन गेली. पोरांनी घर पाडून माडी बांधली. नव्या भिंतीला खिळा ठोकून मी चावी टांगली.

सवालाआधी चष्मा पुसनारा मानूस तुमाला कुठं भेटला, त त्याला सांगा, चावी माज्याकडं हाय.