कानाला पोचलेला हात

शाळेत नाव घालायला आलेल्या पोराला दत्तू मास्तर आधी नाव विचारत नसत. "हात टाक डोक्यावरनं," म्हणत. उजवा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला, की पोर सहा वर्षांचं झालं. कडेगावकडच्या आमच्या खेड्यात जन्मतारीख कोणालाच ठाऊक नसे. मास्तर सगळ्यांना एक जून देऊन टाकत.

माझी चुलतबहीण तारा आणि मी एकाच उन्हाळ्यातले. साडेचार वर्षांची असतानाच ती हात टाकून आली. लांब हाडाची पोर, बोटं कानाला लागली. वय कमी आहे हे मास्तरांना कळत होतं, पण तिने फळ्यावरची अक्षरं धडाधडा वाचून दाखवली. "बुद्धीला वय इचारू न्हाई गड्या," असं चुलत्यांना म्हणाले आणि सहा लिहून मोकळे झाले. माझा हात काही पोचेना, मी आणखी दोन वर्षं घरीच. पुढे चुलती अंथरुणाला खिळली, ताराची दोन वर्षं चुलीपाशी गेली, आणि आम्ही एका वर्गात आलो.

चौथीला साताऱ्यात हुशार मुलांची परीक्षा असे. पास होणाऱ्याला मोठ्या शाळेत जागा, राहणं-जेवण फुकट. चुलत्यांनी सांगून टाकलं होतं, "पास झाली तर शिकंल. न्हाईतर सांगलीचं स्थळ आलंय." मास्तरांनी तिला वर्षभर घासून घेतलं. मी आपला शेपूट म्हणून सोबत. चुकलं की मला छडी, आणि तिला नुसतं, "आवं ताराबाई, तुमीबी?" तेवढ्याने ती रडकुंडीला येई.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल मिळत नसे. कोळशावरच्या मोटारीने रखडत साताऱ्याला पोचलो. टेबलामागच्या साहेबांनी दाखले पाहिले. माझा ठेवला, ताराचा परत केला. "वय जास्त आहे. बसता येणार नाही."

मास्तर टेबलापाशी सरकले. "सायेब, पोरगी ल्हान हाय. मी वाडवून लिवलं. चूक माजी हाय."

"तसं लिहून द्याल?"

"देतो की."

उभ्याउभ्या दिलं. नोकरी जाईल हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. साहेबांनी कागदाची घडी घातली. "चौकशी होईल. तोवर दाखल्यावरचं वय खरं." घंटा झाली. मी आत गेलो. तारा टोक काढलेली पेन्सिल मुठीत धरून पायरीवर बसून राहिली.

मी पास झालो. मास्तरांची नोकरी गेली. ताराचं लग्न त्याच वैशाखात सांगलीच्या त्या स्थळाशी लागलं. खरं बोलल्याची ही शिक्षा आठवली की आजही माझं डोकं फिरतं.

मास्तर सांगलीला हळदीच्या पेठेत पोत्यांवर नावं रंगवायच्या कामाला लागले. सुट्टीत मी भेटायला जाई. बोटं पिवळी, आवाज पार खाली गेलेला. "तारा बरी हाय न्हवं?" एवढंच विचारत. तिच्या दारावरून येत-जात, पण आत कधी गेले नाहीत. "कुठल्या तोंडानं जाऊ रं?"

गेले ते सात-आठ वर्षांनी, ती दुसऱ्या बाळंतपणात वारल्यावर, तेराव्याला. मीही होतो. ताराची चार वर्षांची पोर ओट्यावर खेळत होती. तिच्या आजीने सांगितलं, "ह्ये तुज्या आईचं मास्तर." मास्तर म्हटल्याबरोबर पोर उठून उभी राहिली आणि तिने उजवा हात डोक्यावरून टाकला. ताराने शिकवून ठेवलं असणार. आईसारखाच लांब हात. बोटं कानाला लागली.

मास्तरांनी तो हात हलकेच खाली घेतला आणि आपल्या पिवळ्या हातांत धरून ठेवला.

"इतक्यात नगं बाय," ते म्हणाले. "आदी वाड."